पिंपळखुटे सरांचा चोर

पिंपळखुटे सर टाइपरायटरला कुंकू लावत. दसऱ्याला सगळेच लावतात, त्याचं काही विशेष नाही. सर वर्षभर लावत, कामाच्या दिवशी, भर तासाला. आणि तेही पूजेसाठी नव्हे, चोर पकडण्यासाठी.

चोर कसला, ते सांगतो. टायपिंग करताना शब्द संपला की खालची लांब पट्टी अंगठ्याने दाबायची असते. तिला स्पेसबार म्हणतात. ती दाबली की वरचा गाडा एक घर पुढे सरकतो आणि दोन शब्दांत जागा सुटते. हे काम फक्त अंगठ्याचं. पण शिकाऊ माणसाचं मनगट थकून खाली येतं, तळवा त्या पट्टीला टेकतो, आणि गाडा नको तिथे उडी मारतो. चांगल्या धडधाकट शब्दाच्या पोटात भोक पडतं. मुलगा घाबरून हात वर करतो, "सर, मशीन उडून राहिली."

झालं. सर आतल्या खोलीतून बाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, करंडा घेऊन येत. चिमूटभर कुंकू त्या पट्टीवर बोटाने सारखं पसरत आणि हात मागे बांधून उभे राहत. "मार आता एक पान." पान संपलं की, "हात दाखव." अंगठा लाल आणि तळवा कोरा असेल तर मुलगा साव. तळवा लाल म्हणजे चोर.

"पाह्य," सर त्याचा हात सगळ्यांना दाखवून म्हणत. "मशीनले दोष देऊन राहिला होता. मशीन निर्जीव हाये गा. खोटं बोलाले जीव लागते, तो तुह्यापाशी हाये. मनगट वर."

मी तिथे होतो तोवर कुंकवाने एकही मशीन दोषी ठरवली नाही.

या कुंकवापायी घरोघरी जे व्हायचं ते वेगळंच. सावनेरहून येणाऱ्या एका मुलाचा लाल तळवा पाहून त्याच्या आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. कोणाच्या कपाळाला हात लावून आलास, एवढंच ती विचारी. तो टाइपरायटरचं नाव घेई, तेव्हा ती आणखी रडे.

हा किस्सा मी ऑफिसात फार वर्षं सांगत आलो आहे. मी मुळात बोलका माणूस नाही. चहाच्या वेळी सगळे बोलतात तेव्हा मी कप पाहत बसतो. हा एकच किस्सा माझ्यापाशी आहे, आणि तोही मी अर्धाच सांगतो. अर्ध्यावर हशा मिळतो, मग पुढचं सांगावं लागत नाही. ते मनाला लागून राहिलं आहे. आज तो पुरा सांगतो.

सरांच्या क्लासचं नाव होतं 'शुद्धगती टंकलेखन मंदिर'. धरमपेठेतल्या एका आतल्या गल्लीत, भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत हे मंदिर होतं. मंदिर असल्यामुळे चपला बाहेर. आत भिंतीला लागून मशिनी, खिडकीशी बाईंचं टेबल, आणि मागे सर आणि बाई यांचा दोन खोल्यांचा संसार. घरात तिसरं कोणी नव्हतं. उन्हाळ्यात खोलीत कुलर लागे, पण आम्हाला वारा लागावा म्हणून नव्हे. "मशीनले ऊन लागते," सर म्हणत, आणि कुलरचं तोंड आमच्यावरून काढून मशिनींकडे वळवत. आम्ही घामाने निथळत मशिनींना थंड होताना पाहत असू.

सरांनी कोणाचंही नाव कधी लक्षात ठेवलं नाही. ज्या गावाहून जो येई ते त्याचं नाव. मी कळमेश्वर. रामटेकहून येऊन मामाकडे राहिलेली एक मुलगी होती, ती रामटेक. सावनेरचे दोघे होते, तर एक मोठा सावनेर आणि दुसरा बारका सावनेर. धरमपेठेतच राहणाऱ्या एका मुलाला मात्र नाव मिळेना. त्याला सर "ए इथला" म्हणत. तो बिचारा शेवटपर्यंत इथलाच राहिला.

माझं तिथे काय अडलं होतं, तेही सांगून टाकतो. कळमेश्वरला आमचा संत्र्याचा मळा होता आणि मळ्यावर माझा मोठा भाऊ होता. मला मळ्यातलं काही येत नाही असं तो दर जेवणाला सांगे, आणि ते खरं होतं. एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती, पण अट एकच: येत्या सरकारी परीक्षेत मराठी टायपिंगचं चाळीसचं, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांचं, सर्टिफिकेट. नापास झालो की जागा दुसऱ्याची आणि मी भावाच्या हाताखाली. म्हणून मी रोज एस.टी.ने येई, सरांच्या शिव्या खाई आणि परत जाई.

शिव्या म्हणजे सवाल. "मशीन उडते" म्हटलं की करंड्याच्या आधी चौकशी होई.

"घड्याळ काढलं काय?"

"काढलं सर."

"खुर्चीत टेकून बसला होता काय?"

"नाही सर."

"काल रात्री काय जेवला?"

हा प्रश्न आला की खरं बोलायचं नाही, हे जुन्या पोरांनी नव्यांना शिकवून ठेवलं होतं. मोठा सावनेर एकदा खरं बोलला होता. "सावजी मटण," तो म्हणाला.

"मग," सर म्हणाले, "तर्री उतरली ना बोटात. तेलाच्या हातानं मशीन नाई उडत तं काय भजन म्हणते?" त्या दिवसापासून परीक्षेच्या आधी सावजी बंद असा नियमच झाला. रामटेकला वेगळा नियम होता. "बांगड्या मागं कर वं रामटेक. मशीनले वाटते लग्नात आली."

पुढे पुढे सरांना सगळ्या जगाचं दुखणं मनगटात दिसू लागलं. पेपर वाचून एखाद्या पुढाऱ्याबद्दल म्हणत, "बोलते चांगला, पण मनगट पडलेलं हाये." वरच्या मजल्यावर घरमालकाच्या मुलीला पाहायला मुलगा आला तेव्हा सरांना मुद्दाम बोलावलं होतं. मुलगा काय शिकला, किती कमावतो, यातलं सरांनी काही विचारलं नाही. तो चहा पीत असताना त्याचा हात पाहत बसले आणि जिना उतरताना मालकाला म्हणाले, "मुलगा बरा हाये. पण उडेल." मालकाने तरी लग्न लावलं. जावयाने पुढे दोनतीन नोकऱ्या सोडल्या, तेव्हापासून मालक भाडं मागायला आला की आधी स्वतःचं मनगट सरळ करून घेई.

या सगळ्या राज्यात एक माणूस कायद्याबाहेर होतं. बाई.

बाई खिडकीशी बसून बाहेरचं काम टाइप करत. वकिलांचे अर्ज, प्राध्यापकांचे प्रबंध, लग्नाच्या मुलांची माहिती. त्यांच्या मशीनचा आवाज भट्टीत फुटाणे फुटावेत तसा. एकदा सुरू झाला की सलग, आणि थांबला की सगळी खोली मान वर करी. सर त्यांना टायपिंगबद्दल कधी अक्षर बोलत नसत. आम्हाला वाटे, बाईंना दोष नाही म्हणून बोलत नाहीत. मग एकदा रामटेकने बाईंनाच विचारलं, तुम्ही सरांकडे शिकलात का. बाई सरांकडे पाहून हसल्या. "मी काहून शिकू वं? यायले कोणं शिकवलं ते विचार." सर तेव्हा रिबन बदलत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते.

तर असं चाललेलं असताना, एका उन्हाळ्याच्या शेवटी बाईंना झटका आला. हलका होता. दवाखान्यातून त्या चालत घरी आल्या, तोंड वाकडं झालं नव्हतं, बोलणं साफ होतं. डावा हात तेवढा बदलला. लुळा नव्हता; बोटं आपापलं काम करत. मनगट मात्र वर राहायचं विसरून जाई. थोडा वेळ राही आणि मग हळूहळू खाली येई, डुलकी लागलेल्या माणसाच्या मानेसारखं.

डॉक्टरांनी आराम सांगितला होता. बाई आठवडाभर घरात बसल्या आणि मग एका सकाळी येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. सरांनी खिडकी उघडून दिली.  फुटाणे पुन्हा फुटू लागले, जरा थांबत थांबत.

काही दिवसांनी एक प्राध्यापक आपला प्रबंध घेऊन परत आले. भर वर्गात आले आणि कागद टेबलावर ठेवले. "पिंपळखुटे, हे काय आहे? प्रत्येक ओळीत खड्डे. मला वाटलं प्रबंध नाही, तुमच्या गल्लीचा रस्ताच टाइप करून दिलाय."

बाईंची मशीन थांबली. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. आम्ही सगळे सरांकडे पाहत होतो, कारण आता काय होणार ते आम्हाला माहीत होतं. चौकशी, करंडा, "हात दाखव". बारक्या सावनेरने तर आतल्या दाराकडे मान वळवलीसुद्धा.

सरांनी एक पान उचललं. उजेडात धरलं. उलटं करून पाहिलं. मग ते म्हणाले, "मशीन खराब आहे."

बारक्या सावनेरने दाराकडे वळवलेली मान परत सरांकडे वळवली.

"काय म्हणाले?" मोठ्या सावनेरने मला विचारलं.

"मशीन."

"काय झालं मशीनले?"

"खराब आहे म्हणतात."

"आपल्या सरांनी म्हटलं?"

प्राध्यापकही चकित झाले होते. ते सरांचेच जुने विद्यार्थी. त्यांचाही तळवा कधीकाळी लाल झालेला. "अहो पण तुमचंच म्हणणं ना, मशीन निर्जीव आहे, मशीन खोटं..."

"ते तुमच्या वेळचं," सर म्हणाले. "आता पहिल्यासारख्या मशिनी कुठं राहिल्या? ठेवून जा. पुन्हा करून देतो."

ऑफिसात माझा किस्सा इथे संपतो. बायकोपुढे भल्याभल्यांचं मनगट पडतं, एवढं वाक्य मी वर जोडून देतो, आणि सगळे हसतात. साहेब एकदा चहा सांडेपर्यंत हसले होते. आता पुढचं.

सरांनी बाईंच्या मशीनचा दवाखाना सुरू केला. आधी तेल दिलं. मग टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. मग टेबल खिडकीपासून हलवलं, कारण म्हणे वाऱ्याने गाडा सरकतो. मग परत खिडकीशी आणलं, कारण म्हणे अंधारात मशीन बिचकते. शेवटी मशीनवाल्या चौधरीला बोलावलं. चौधरी सायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून आला, बाईंच्या खुर्चीवर बसून त्याने एक पान मारलं, आणि पान काढून म्हणाला, "सर, मशीन तं एक नंबर आहे. मले वाटते हात..."

"तुले कोणं बोलावलं?" सर म्हणाले.

"तुम्हीच बोलावलं ना जी."

"मग आता जा."

चौधरी गेला.  त्या दिवसापासून बाईंचं काम हळूहळू कमी झालं. वकील दुसरीकडे जाऊ लागले. बाई खुर्चीवर बसत, कागद लावत, आणि पानात खड्डा पडला की कागद ओढून काढत. टोपलीत गोळे साठत. एकदा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता ही खुर्ची एखाद्या पोरीले द्या. रामटेकचा हात चांगला हाये." सर त्यावर एवढंच म्हणाले, "मशीन खराब हाये, खुर्ची नाई." आणि बाहेर निघून गेले.

आणि मग एक चमत्कार झाला. आमच्याही मशिनी उडू लागल्या.

आधी बारक्या सावनेरची. मग रामटेकची, जिचा तळवा आजवर कधी लाल झाला नव्हता. मग माझी. हात लागायच्या आधीच गाडा पळे. पट्टीवर नुसता श्वास टाकला तरी एक घर पुढे. आम्ही भीत भीत हात वर केले, "सर, मशीन उडून राहिली."

सर आले. पान पाहिलं. "हो," ते म्हणाले. "मशीनच ते. काय करता. सगळ्याच उडून राहिल्या. बाईंची पण उडते."

ना करंडा, ना चौकशी. मोठ्या सावनेरने मुद्दाम सांगून पाहिलं, "सर, काल सावजी खाल्लं." सर म्हणाले, "खात जा. तब्येत पाह्य."

 देवळात गेल्यावर देवानेच नमस्कार केल्यासारखं झालं. एवढी वर्षं आम्हाला वाटे की एकदा तरी मशीनचा दोष निघावा. आता सगळा दोष मशीनचा निघाल्यावर वर्गात कोणाला चैन पडेना. चुकलं तरी कोणी ओरडत नाही, मग हात वर का धरायचा? मनगटं पडू लागली. परीक्षा जवळ आली होती, आणि पोरं एकेक करून पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या क्लासात जाऊ लागली. 'इथला' आधी गेला. मग बारका सावनेर. मी गेलो नाही. निष्ठा वगैरे काही नव्हती. नव्या जागी जाऊन नाव सांगायचीच मला लाज वाटायची. पण रोज संध्याकाळी भाऊ विचारी, किती स्पीड झाली, आणि मी पानातले खड्डे आठवत भाकरी मोडी.

एका दुपारी एस.टी. लवकर सुटली म्हणून मी वेळेआधी पोचलो. दारात चपला काढत होतो तेव्हा आत मशीन सरकवल्याचा आवाज आला. सर जमिनीवर उकिडवे बसले होते. माझी मशीन टेबलाच्या काठावर अर्धी बाहेर ओढून तिच्या पोटाखाली मान वाकडी करून, हातात पेचकस घेऊन. ते स्पेसबारची स्प्रिंग ढिली करत होते. थोडी ढिली केली, पट्टीवर बोट टेकवून पाहिलं. गाडा टुणकन पुढे गेला. सरांनी समाधानाने मान हलवली आणि ते रामटेकच्या मशीनकडे सरकले.

मी भिंतीआड उभा राहिलो. आधी मला काही कळेना. मग कळलं, आणि मला राग आला, तो सगळ्यात आधी स्वतःपुरता. माझी नोकरी या स्प्रिंगांवर लटकली होती. हा माणूस बायकोची एक मशीन उडते म्हणून सगळ्यांच्या उडवत होता.

सर सायकल घेऊन रिबन आणायला गेले. त्यांनी मला पाहिलं नाही. मी आत गेलो तर बाई फडकं घेऊन मशिनी पुसत होत्या.

"लवकर आला गा कळमेश्वर," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "पाह्यलं वाटते."

मी मान हलवली.

त्यांनी माझ्या मशीनच्या पट्टीवर करंगळी टेकवली. गाडा पळाला. बाई हसल्या. "किती सैल केली. उद्या माशी बसली तरी पळेल."

"तुमाले माहीत होतं?"

"मशिनी रोज कोण पुसते? मले हात लावला की समजते." त्यांनी डावा हात माझ्यापुढे उघडला. तळव्याचा खालचा भाग लालभडक होता. "आणि हे पण समजलं. चौधरी गेला त्या दुपारपासून मीच रोज कुंकू लावून पाह्यते. चोर इथं हाये."

"मंग त्यायले सांगत काहून नाई?"

बाईंनी फडकं झटकलं. "काय सांगू? जो माणूस बापाच्या धाकानंही कधी खोटं बोलला नाई, तो रोज दुपारी जमिनीवर बसून मशीनले खोटं बोलाले शिकवून राहिला. मी शिकली तेव्हा मलेही एवढं लक्ष देऊन कोणं शिकवलं नव्हतं." त्या पुढच्या मशीनकडे वळल्या. "त्यायले वाटते मले माहीत नाई. तेवढं तरी त्यायच्या मनासारखं होऊ दे. पण तुमची परीक्षा बुडते, ते नाई चालायचं. मी पाह्यते. तू बोलू नोको."

त्या संध्याकाळी बाईंनी सगळ्यांसमोर एक पान टाइप केलं. तसं टायपिंग मी त्याआधी आणि नंतर पाहिलं नाही. एक अक्षर, मग मनगट उचलून घ्यायचं, मग दुसरं अक्षर. फुटाण्यांची भट्टी विझली होती. मधूनच एक दाणा तडके. आमचे तास संपले, दुसरी तुकडी आली, तरी पान चालूच. शेवटी त्यांनी ते सरांच्या हातात दिलं. "पाह्या. चौधरीचं काम लागू पडलं वाटते. मशीन बरी झाली."

सरांनी पान उजेडात धरलं. एकही खड्डा नव्हता. एकेका ओळीवरून बोट फिरवत ते खालपर्यंत गेले. ते पान व्हायला किती वेळ लागला हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं?

"हो," ते म्हणाले. "बरी झाली."

दुसऱ्या दिवशी सगळ्या मशिनींच्या स्प्रिंगा घट्ट होत्या. मी हात वर केला नसतानाही सर करंडा घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले. "काहून गा कळमेश्वर, मनगट कुठं चाललं? शेतात काय?" मोठा सावनेर आनंदाने जवळजवळ रडला. जे गेले होते त्यांतले दोघे परत आले. त्यांनाही सरांनी पहिल्याच दिवशी चोर ठरवलं, तेव्हा कुठे त्यांना घरी आल्यासारखं वाटलं.

परीक्षेला त्या काळी ज्याची त्याने मशीन न्यायची असे. केंद्र बर्डीच्या बाजारातल्या एका शाळेत होतं. सकाळी क्लासच्या दारात सायकलरिक्षा लागल्या. प्रत्येकाने आपली मशीन मांडीवर घेतली, चादरीत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी. सर प्रत्येक रिक्षापाशी येऊन पट्टी एकदा दाबून पाहत होते. माझ्यापाशी आले, पट्टी दाबली, पुन्हा दाबली. "घट्ट हाये," ते म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी खाली पाहिलं. रिक्षा निघाली तेव्हा मागून ओरडले, "मनगट वर, गा."

पेपर चांगला गेला. पुढे मी पास झालो, ती जागा मिळाली, आणि आजही त्याच खात्यात आहे.

परीक्षा सुटल्यावर बाकीची पोरं चहाला थांबली. मी एकटाच मशीन घेऊन परत आलो. गल्लीत शिरलो आणि थबकलो. खिडकीतून फुटाणे फुटल्याचा आवाज येत होता. जुना आवाज, सलग, जुन्या वेगाचा. कितीतरी महिन्यांत तो ऐकला नव्हता. मला वाटलं, बाईंचा हात बरा झाला. इतकं बरं वाटलं की मी मशीन कडेवर घेऊन तसाच धावलो.

दारात चपला काढल्या आणि आत पाहिलं. खोली रिकामी होती. मशिनी सगळ्या परीक्षेला गेलेल्या, टेबलं उघडी. फक्त खिडकीशी बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या डाव्या बाजूला सर, स्टूल जवळ ओढून, माझ्याकडे पाठ करून. त्यांनी आपला उजवा हात लांब करून बाईंच्या मनगटाखाली धरला होता. मनगट त्यांच्या हातावर टेकलं होतं, आणि त्यापुढे बाईंची बोटं पळत होती.

सरांनी चाहूल ऐकली. हात काढला नाही. "कोण? कळमेश्वर? उडाली काय मशीन?"

"नाही सर."

"इथली उडते अजून," ते म्हणाले. "टेबल हालते. म्हणून धरून बसलो."

टेबलाला त्यांचा हात कुठेच लागलेला नव्हता. बाईंनी टाइप करता करता एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो गा," त्या म्हणाल्या. "टेबलच खराब हाये."

मी माझी मशीन तिच्या जागी ठेवली. तेव्हा जवळून दिसलं. बाईंनी पट्टीवर कुंकू लावलेलं होतं. हात आज किती पडतो ते पाहायला त्या अजून रोज लावत असाव्यात. त्यांचा तळवा कोरा होता. सरांच्या हाताची पाठ मात्र बोटांच्या पेरांपर्यंत लाल झाली होती. सरांच्याच कायद्याने चोर सापडला होता, आणि "हात दाखव" म्हणायला तिथे कोणी नव्हतं. मी दार ओढून घेतलं, आणि चपला हातातच धरून गल्लीच्या टोकापर्यंत तसाच चालत गेलो, पायांचा आवाज होऊ नये म्हणून.